साखळीबाईंचा नातू

आमच्या आत्यापुढे सांगोवांगी चालत नसे. दूध नासलंय असं कोणी म्हटलं, तरी ती चष्मा कपाळावर चढवून विचारायची, "तू चाखलंस की ऐकलंस? कोणाकडून?"

"वन्सं, दूध आहे ते, तुमची पोथी नाही!" आई वैतागायची.

आत्या विद्यापीठात अरबी शिकवायची. जुन्या अरबी ग्रंथांत पैगंबरांच्या कथेआधी नावांची साखळी असते: हे मला अमक्याने सांगितलं, त्याला तमक्याने. साखळी पक्की तर कथा पक्की. आत्याचा सगळा जीव त्या साखळ्यांत. विद्यार्थी तिला मागून साखळीबाई म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं, आणि आवडायचंही.

सुट्टीत मी तिच्या खोलीत चटईवर लोळत असे. पुस्तकांच्या कपाटाने अर्धी खिडकी झाकलेली, त्यामुळे दुपारीही दिवा लागायचा. ती मला माशाच्या पोटात गेलेल्या युनूस पैगंबरांची गोष्ट सांगायची, पण सुरुवात नावांपासून. मी कंटाळायचे.

"आत्या, मासा कधी येणार?"

"आधी माणसं, मग मासा."

किती सुखाचे दिवस होते ते! अजूनही जुन्या पुस्तकाचा वास आला की मला भरून येतं.

याच कथेवर तिने मोठा ग्रंथ लिहिला. तिचं म्हणणं असं, की एकाच कथेकऱ्याने दोन गावांतल्या गोष्टी जुळवून ही कथा घडवली. सगळा ग्रंथ त्या एका माणसावर उभा होता. ग्रंथ छापखान्यात गेला आणि तिला प्राध्यापकपदाच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. आई पेढे आणायला निघाली होती.

नेमकं तेव्हाच आत्याला कळलं, की तो कथेकरी एक नव्हताच. आजोबा आणि नातू, दोघांचं नाव एकच. नातवाने सांगितलेलं सगळं तिने आजोबांच्या नावावर घातलं होतं.

विभागप्रमुख तिचेच गुरू. ते म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. मुलाखत होऊ दे, मग बघू. हे वाचणार आहे कोण?"

"सर, मी वडाची साल पिंपळाला लावलीय."

"आपल्या धंद्यात सगळेच लावतात गं!"

मुलाखतीत तिने आपण होऊन चूक सांगितली आणि ग्रंथ छापखान्यातून परत आणला. पद दुसऱ्याला मिळालं. "मोठी हरिश्चंद्र लागून गेलीस!" असं म्हणून बाबा महिनाभर बहिणीशी धड बोलले नाहीत. आत्याने त्या आजोबा-नातवांवर एक छोटा लेख तेवढा छापला. पुढे ती त्याच हुद्द्यावरून निवृत्त झाली. मला त्या गुरूंचा राग आजही येतो.

निवृत्तीनंतर एकदा तिच्या केसांना तेल लावताना मी विचारलं, "आत्या, वाईट नाही वाटत?"

"वाटतं तर! ती खुर्ची मला हवी होती, फार हवी होती. पण त्या नातवाने जन्मभर गावोगाव फिरून गोष्टी गोळा केल्या गं. मी त्याला आजोबांच्या नावाखाली कायमचा गाडून टाकला असता. त्याच्या बाजूने बोलायला माझ्याशिवाय दुसरं होतं कोण?"