झाडकाकांनी झाडं तोडली

ज्या माणसानं एकतीस वर्षं झाडं लावली, त्यानंच सहासष्टाव्या वर्षी कुऱ्हाडीला नवा दांडा बसवला, तेव्हा शहरातल्या लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. त्याच्या बायकोला मात्र तसं वाटलं नाही. ती म्हणाली, "फिरायला ते आधी असावं लागतं."

झाडकाका म्हणजे पाणी खात्यातले जुने माळी. शाळा चौथीपर्यंत, पण रोप जगणार की मान टाकणार हे पानाला बोट न लावता सांगायचे. शहराला पाणी देणारा तलाव आणि त्याच्या काठच्या पाच टेकड्या, एवढंच त्यांचं जग. ते नोकरीला लागले तेव्हा त्या टेकड्यांवर नुसतं कमरेएवढं गवत होतं. तेव्हाच्या मोठ्या साहेबांना ते बघवेना. "पाहुण्यांना काय दाखवू? डोंगराचं टक्कल?" असं म्हणून त्यांनी निलगिरीची रोपं मागवली. काकांनी आणि त्यांच्या हाताखालच्या माणसांनी गवत मुळासकट खणून काढलं आणि दोरी धरून सरळ रांगांत चाळीस हजार रोपं लावली, प्रार्थनेला पोरं उभी करावीत तशी. झाडं सरसर वाढली. वर्तमानपत्रात काकांचा फोटोही आला. त्यात काका कमी आणि फावडं जास्त दिसत होतं, तरी बायकोनं तो चौकटीत बसवला.

पुढे त्यांची मुलगी त्याच तलावाच्या गाळणीघरात पाणी तपासायला लागली. काकांना कोण आनंद! पण काका निवृत्त झाल्यावर एका पावसाळ्यात ती जेवता जेवता म्हणाली, "बाबा, वाळूच्या गाळण्या दिवसातून तीनदा चोंदतात. सगळा चिखल तुमच्या जंगलातून येतो."

"जंगल चिखल अडवतं. आमच्या चौथीच्या पुस्तकात होतं."

"पुस्तकातलं जंगल वेगळं. तुमच्या झाडांखाली गवताची काडी तरी उगवते का?"

काका आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. मीठ हवं असलं तरी बायकोमार्फत मागायचे.

त्याच आठवड्यात त्यांचा जुना सोबती पंपवाला गेला. स्मशानाची टेकडी तलावाच्या पलीकडे, पण माती तीच. तिथं झाडं लावायचं कुणाला सुचलं नव्हतं. स्मशान पाहुण्यांना कोण दाखवतं? म्हणून जुनं गवत तिथं सुखानं नांदत होतं. पाऊस धो धो कोसळत होता. सगळे पंपवाल्याकडे बघत होते आणि काका पायाखाली बघत होते. गवतातून वाहत येणारं पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. ते वाकले, ओंजळीत पाणी धरलं आणि तसेच मटकन बसले. पंपवाल्याची बायको आपले डोळे पुसून यांचीच पाठ थोपटायला आली.

"भाऊजी, असा धीर सोडू नका."

"वहिनी, माझ्या हातून फार मोठी चूक झाली हो!"

तिला वाटलं, दोघांचं काही जुनं भांडण असेल. "त्यांनी केव्हाच माफ केलं असेल," ती म्हणाली.

तिथून काका तडक आपल्या निलगिरीत गेले आणि छत्री धरून एका झाडाखाली बसले. वर वाळल्या पानांचा तेलकट थर, खाली दगडासारखी टणक जमीन, आणि रांगांमधून दुधाच्या चहासारखं पाणी तलावाकडे पळत होतं. तासभर बसून ते घरी आले आणि मुलीला म्हणाले, "मीठ दे गं."

दुसऱ्या दिवशी ते कचेरीत हजर. "साहेब, माझी झाडं काढायचीत. पहिलं गवत परत आणायचंय."

आताचे साहेब तरुण, आणि सकाळी तलावावर फिरायला येणाऱ्या मंडळींना जाम घाबरणारे. बराच वेळ पेन फिरवून ते म्हणाले, "पूर्वेची टेकडी देतो, सगळ्यात लहान आहे ती. पण पुढच्या पावसात तिच्यावरून असाच चिखल आला, तर झाडं परत लावणार. आणि तुम्हाला फाटकाच्या आत पाऊल टाकता येणार नाही. कायमचं."

निवृत्तीनंतरही काकांची तलावाची फेरी एक दिवस चुकली नव्हती. तरी ते म्हणाले, "कबूल."

"घरी विचारून सांगा."

"घरी विचारलं असतं, तर इथवर आलोच नसतो."

पाऊस सरला आणि पहिलं झाड पडलं. फिरायला येणारी मंडळी धावत आली. त्यांचे पुढारी एक निवृत्त हेडमास्तर. काठी उगारून ओरडले, "खुनी! हे झाड तुमच्या बापाचं आहे काय?"

"बाप मीच आहे त्याचा. मी लावलंय."

"बाप लेकराला मारतो?"

"मास्तर, तुम्ही जन्मभर दुसऱ्यांची लेकरं बडवलीत. मी आपलीच काढतोय."

मंडळींतलेच दोघं खुदकन हसले, आणि मास्तरांनी हा हिशेब मनात ठेवला. दुसऱ्या दिवसापासून झाडकाकांचे कुऱ्हाडकाका झाले. काका म्हणाले, "काका तर ठेवलंत ना? बास."

निलगिरी तशी निर्लज्ज. वरून तोडली तरी बुंध्याला पुन्हा फुटते. म्हणून काका एकेका बुडख्याची साल मुळापर्यंत सोलत बसायचे. मग त्यांनी गवताचं बी पेरलं. अर्धं पाखरांनी खाल्लं आणि उरलेलं त्या आंबलेल्या मातीत कुजलं. पावसाला दोन महिने उरले आणि टेकडी न्हाव्यानं वस्तरा फिरवल्यासारखी. मास्तर रोज सकाळी फाटकाशी उभे राहून विचारायचे, "काय काका, चरायला गुरं सोडू का?"

काका घमेलं घेऊन स्मशानाच्या टेकडीवर गेले, तिथल्या रखवालदाराला विचारून गवताचे मातीसकट विटेएवढे तुकडे काढले आणि आपल्या टेकडीवर उताराला आडवे, ओळीनं बसवले. एकेक तुकडा सोडून काढायचे, म्हणजे तिथलं गवत पुन्हा पसरेल. वर बादलीनं पाणी. रोज सकाळी हेच. बायको शेजारणीला सांगायची, "लोकांना तिथं न्यायला चौघं लागतात. आमचे रोज आपल्या पायांनी जातात, आणि जेवायला परतही येतात!"

हे मास्तरांच्या कानावर गेलं मात्र, शहरभर बोंब झाली. स्मशानातलं गवत पिण्याच्या पाण्यावर! आता नळाला मढ्यांचं पाणी येणार! बायकांनी हंडे रिकामे केले. एकानं तर आंघोळ सोडली. त्याला निमित्तच हवं होतं. मुलीनं पाणी तपासून काही दोष नाही असं सांगितलं, तर लोक म्हणाले, पोरगी बापाचीच बाजू घेणार.

तिसऱ्या दिवशी साहेब सहा मजूर घेऊन टेकडीवर आले. मागे मास्तर आणि त्यांची फौज.

"काका, हे गवत आत्ता उपटा."

"नाही उपटणार."

"मी सांगतोय!"

"ऐकतोय की. कान शाबूत आहेत. मागच्या साहेबांनी चाळीस हजार झाडं लावायला सांगितली, तेव्हा मान डोलावली आणि तलावात चिखल घातला. आता नाही डोलवत. उपटायचं तर तुम्ही उपटा."

साहेबांनी मजुरांकडे पाहिलं. मजुरांनी कुदळींकडे पाहिलं. त्यांच्यातला थोरला डोकं खाजवत म्हणाला, "साहेब, स्मशानातली वस्तू आहे. घरी लेकरंबाळं आहेत आमची. हात कोण लावणार?"

"अरे, गवत आहे ते!"

"मग तुम्हीच सुरुवात करा ना साहेब."

साहेबांचा हात खिशातून निघेना. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर दोन पावलं मागं सरकले, फौज चार. शेवटी ज्यांनी मढ्यांची आवई उठवली, तेच मढ्यांना घाबरून टेकडी उतरले. काका वरून ओरडले, "मास्तर, जाताना पाय धुवा हो! आत्ता माझ्या गवतावरून गेलात!"

पावसाळा आला आणि दुसऱ्या महिन्यात चार दिवस सलग कोसळला. मुलीनं पूर्वेच्या ओहोळातून एक बाटली भरली, शेजारच्या टेकडीच्या ओहोळातून दुसरी, आणि दोन्ही साहेबांच्या टेबलावर ठेवल्या. काका दाराशी उभे होते. मान ताठ.

साहेबांनी पहिली बाटली उजेडात धरली. "हीसुद्धा गढूळ आहे थोडी."

"वरच्या दोन ओळींना गवत पुरलं नाही. तेवढं वाहून आलं. खोटं कशाला बोलू?"

"ठरलं काय होतं? चिखल आला तर बाहेर."

"असाच चिखल आला तर, असं ठरलं होतं. तुमच्या सहीच्या कागदावर धरा बघू दोन्ही बाटल्या." साहेबांनी धरल्या. काका टेबलाशी येऊन वाकले. "या बाटलीतून तुमची सही वाचता येतेय, चौथी शिकलेल्याला! त्या बाटलीतून तुम्ही तुमचंच नाव वाचून दाखवा."

साहेबांनी दुसऱ्या बाटलीतून पाहिलं. नुसता तांबडा अंधार. बाटल्या बाजूला सारून ते म्हणाले, "दुसरी टेकडी घ्या. पण लोकांना तुम्हीच तोंड द्या."

"ते तर देतोच आहे."

पाऊस सरल्यावर काका दुसऱ्या टेकडीवर गेले, तर पहिल्या रांगेतल्या पहिल्या झाडाला मास्तर दोन्ही हातांनी मिठी मारून उभे. "आधी मला तोडा!"

काकांनी कुऱ्हाड खाली टेकवली, टोपी सारखी केली आणि त्या रांगेकडे टोकापर्यंत नजर टाकली. "मास्तर, हे झाड तुम्हाला दिलं. धरा घट्ट. सोडू नका हं," असं म्हणून त्यांनी शेजारच्या झाडावर घाव घातला.