राजदूतचं बाशिंग आणि पारूबाईची वाकळ

गावाचं नाव सांगत नाही. निपाणीहून सायकलवर जाता येईल एवढ्या अंतरावर आहे, आणि तिथली माणसं आता एकमेकांशी बरी वागतात. तेव्हा जुनं उकरून कशाला कुणाचं तोंड कडू करा. गोष्ट चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यातली आहे आणि ती भीमनगरातल्या पारूबाई कांबळेची आहे.

वाकळ शिवावी तर पारूबाईनंच, असं पंचक्रोशीत म्हणायचे. तिची जीभ मात्र सुईपेक्षा टोकदार. विरलेलं कापड घेऊन कुणी आलं की ती तोंडावर सांगायची, "ह्या चिंध्या चुलीत घाल. माझ्या सुईखाली न्हाय यायच्या." लोक रागवायचे, शिव्या घालायचे आणि चांगलं कापड घेऊन परत तिच्याच दारात यायचे.

नवरा सत्याप्पा गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. गावोगाव फिरायला त्यानं बेळगावातल्या एका रिटायर सुभेदाराकडून जुनी राजदूत मोटरसायकल घेतली होती. सुभेदार मोठा हौशी. त्यानं गाडीच्या तोंडाला तांबड्या फायबरचं भलंमोठं कवच बसवून घेतलं होतं, वर वारा अडवायला काच. भीमनगरातल्या पोरांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव बाशिंग ठेवलं. "धर्म बदलला तवा माणसांनी बाशिंग सोडलं, आन् सत्याप्पानं गाडीला बांधलं," असं म्हणून सगळे हसले.

बाशिंग होतं झोकदार, पण गाडीचं काहीही करायचं म्हटलं की आधी ते उतरवावं लागे. एका मिस्त्रीनं हिसका मारून काढताना त्याचा स्क्रू बसायचा एक कान मोडला, तेव्हापासून सत्याप्पा गाडी घरीच उघडू लागला. पहिल्या खेपेला त्यानं सगळं झकास सुटं केलं. बसवताना मात्र आखूड स्क्रूच्या जागी लांब स्क्रू पिळला. तो आत जाऊन वायरीला टेकला, आणि हँडल उजवीकडं वळवलं की हॉर्न वाजायला लागला. संकेश्वरच्या भर बाजारातून गडी असा वाजतगाजत घरी आला. पारूबाई पदर तोंडाला लावून पोटभर हसली, आणि पुढच्या खेपेला स्वतःच वाकळ घेऊन अंगणात आली.

"जे जिथनं निघंल ते एकेका ठिगळावर ठेवायचं," तिनं बजावलं. "तुमी काढा. मी मांडते."

त्या वाकळेतलं प्रत्येक ठिगळ तिच्या ओळखीचं होतं. सासूच्या हिरव्या लुगड्याच्या ठिगळावर बाजूच्या पत्र्यांचे स्क्रू. सत्याप्पाच्या खाकी पँटच्या ठिगळावर काचेचे. आणि भरमाच्या शाळेतल्या निळ्या सदऱ्याच्या ठिगळावर बाशिंगाच्या मधले, सगळ्यांत आखूड. कारण त्यांच्या अगदी मागून अॅक्सिलरेटरची केबल जायची. लांब स्क्रू तिथं गेला तर केबल दाबली जाणार आणि गाडी अडणार. पारूबाईला एकाही पार्टाचं नाव येत नव्हतं, पण कोण कुठं बसतो ते ती कधी विसरली नाही.

भरमा म्हणजे तिचा धाकटा दीर. ती लग्न होऊन आली तेव्हा शेंबूड पुसायचं कळत नव्हतं त्याला. तिनंच त्याला वाढवला. आता तो बेळगावच्या कोर्टात क्लार्क होता आणि त्याचं लग्न ठरलं होतं. लग्न गावातच, मांडव भीमनगरच्या चौकात.

"वैनी," तो म्हणाला, "माझी वरात गाडीवरनं जाणार. मोठ्या गल्लीतनं."

पारूबाईचा हात सुईवरच थांबला. मोठ्या गल्लीतून भीमनगरचा नवरा कधी वाहनावर बसून गेला नव्हता. मनाई कुठं लिहून ठेवलेली नव्हती; नुसतं कुणी गेलं नव्हतं. तिला आनंद झाला आणि भीतीही वाटली. भीती भांडणाची नव्हती, भांडायला ती एकटी पुरेशी होती. गाडी तिथंच, सगळ्या ओट्यांसमोर बंद पडली तर गाव हसेल, आणि पुढचा नवरा वर्षानुवर्षं गाडीवर बसायचं नाव काढणार नाही, हे तिला लख्ख दिसत होतं.

म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशी केबलचे धागे सुटायला लागलेले दिसले तेव्हा तिनंच सत्याप्पाला गाडी उघडायला बसवलं. बाशिंग उतरलं, पत्रे उतरले, स्क्रू वाकळेवर आपापल्या जागी गेले. सत्याप्पा नवी केबल आणायला निपाणीच्या बसमध्ये बसला. पारूबाई पाण्याला गेली.

आणि तेवढ्यात खानापूरकडचे नवरीवाले टेम्पोतून उतरले. यायचे होते संध्याकाळी, आले दुपारी.

घरात होती फक्त सासू, सोनुबाई. पाहुणे दारात आणि अंथरायला काही नाही. सगळं चौकातल्या मांडवात गेलेलं. पाहुण्याला उघड्या भुईवर बसवायचं म्हणजे घराची अब्रूच गेली. म्हातारीनं वाकळेची चारी टोकं धरली, सगळं लोखंड बुट्टीत ओतलं, वाकळ झटकली आणि पाहुण्यांना हात जोडून म्हणाली, "बसा."

पारूबाई घागर घेऊन आली तेव्हा नवरीचा बाप भीमाप्पा आणि चार कर्ती माणसं वाकळेवर मांडी घालून बसली होती. तिनं बुट्टीत पाहिलं. सासूला बोलायचे सगळे शब्द तिनं गिळले, पाहुण्यांना पाणी दिलं, चहा दिला, आणि बुट्टी घेऊन त्यांच्यासमोर बसली.

वाकळ दिसली असती तर तिला सगळं आठवलं असतं. पण हिरव्यावर एकजण, खाकीवर दुसरा. ती मान वाकडी करकरून माणसांच्या मांड्यांमधून ठिगळं बघू लागली.

"काय शोधालीस पोरी?" भीमाप्पानं विचारलं.

पाहुण्याला ऊठ म्हणायचं नसतं. पारूबाई तरी बोललीच.

"आप्पा, जरा गुडघा उचला. खाली माझ्या भरमाचं शाळंचं ठिगळ हाय."

मग तिनं सांगितलं: स्क्रू, ठिगळं, केबल. "उद्या गाडी मोठ्या गल्लीतनं जायची हाय, आप्पा. ती अडून चालायची न्हाय."

"मोठ्या गल्लीतनं?"

"व्हय."

भीमाप्पाच्याही गावात तशी एक गल्ली होती. तो गुडघ्यावर हात टेकून उभा राहिला. "उठा रं सगळी."

कर्ती माणसं उठली आणि वाकळेभोवती भुईवर बसली. सोनुबाई कपाळावर हात मारून घेत होती, "पावणं भुईवर! काय म्हणतील लोक!"

"बसू द्या आक्का," भीमाप्पा म्हणाला. "आज वाकळ त्या स्क्रूंची हाय."

पारूबाई एकेक स्क्रू बोटात धरून फिरवायची, डोळे मिटायची आणि ठिगळावर ठेवायची. कुणी घाई केली नाही. शेवटी जवळजवळ सारखे दिसणारे दोन उरले. तिनं ते उन्हात धरले; एकाच्या मानेला फायबरचा तांबडा कण होता. तो निळ्या ठिगळावर गेला. केबल घेऊन सत्याप्पा आला तेव्हा पाहुणे धुळीत आणि वाकळ मोकळी बघून तो दारातच थबकला, पण पारूबाईनं त्याला बोलू दिलं नाही, पान्हा हातात दिला. ऊन उतरायच्या आत बाशिंग चढलं. हँडल दोन्हीकडं पुरतं वळवून बघितलं. सगळं मोकळं फिरलं.

दुसऱ्या दिवशी सत्याप्पानं गाडी काढली, मागं पांढऱ्या कपड्यांत भरमा. मोठ्या गल्लीत ओट्यांवर माणसं उभी होती. कुणी हसलं नाही, कुणी अडवलं नाही. बघत मात्र सगळे होते. राजदूत माणसाच्या चालीनं निघाली होती आणि तिचा आवाज कुठं तुटत नव्हता. मागून बायकांत पारूबाई चालत होती. तिचं सगळं लक्ष त्या आवाजावर होतं.

गल्लीतल्या मानकऱ्यांच्या थोरल्या घराच्या कोपऱ्यावर तिच्या पायांना भुई गरम लागली. तिनं खाली पाहिलं. आपण वहाणा काढून हातात कधी घेतल्या, हे तिचं तिलाच कळलं नव्हतं. नवी सून म्हणून आली तेव्हा सासूनंच तिला शिकवलं होतं: भीमनगरच्या माणसानं थोरल्या घरावरून वहाणा हातात घेऊनच जायचं.

तिनं वळून पाहिलं. सोनुबाईच्याही वहाणा हातातच होत्या.

पारूबाईनं आपल्या वहाणा खाली टाकल्या आणि पायात घातल्या. मग सासूच्या हातातल्या काढून घेतल्या, वाकून तिच्या पायांपुढं ठेवल्या. "घाला, आत्ती."

म्हातारीनं थोरल्या घराकडं पाहिलं, मग पुढं चाललेल्या आपल्या लेकाकडं. तिनं एक पाय घातला, थांबली, दुसरा घातला. तोवर गाडी बरीच पुढं गेली होती, म्हणून दोघींना भराभर चालावं लागलं.