निळ्या टोपातली एक बट

"केस असे आभाळाकडे बघत उभे राहत नसतात," दिग्दर्शक म्हणत होता.

"चित्रात तीस वर्षं उभेच आहेत," चित्रकार म्हणाला. "एक केस हलला तरी लोक या पोरीला ओळखणार नाहीत."

"आणि नाही हलला तर म्हणतील, डोक्यावर झाडू बांधलाय."

फळीच्या भिंतीपलीकडे टोपवाली मावशी ओल्या केसांची जुडी हातात धरून गुपचूप ऐकत होती. नाटका-सिनेमांसाठी नकली केसांचे टोप विणण्यात तिचा जन्म गेला. जाळीच्या एकेका भोकातून आकडीने केस ओढायचा, गाठ मारायची, की पुढचा. हा टोप निळा होता. एका जुन्या जपानी कार्टूनवरून खरी माणसं घेऊन सिनेमा निघत होता, त्यातल्या लढवय्या पोरीचा.

भांडणात चित्रकार जिंकला. मावशीने फवारे मारमारून केस ताठ केले. पण तिच्या हाताला काही ते पटेना. कपाळावरची एक बट तिने कुणाला न विचारता मोकळी सोडली.

सिनेमा आला आणि पेपरवाल्यांनी त्याची सालटी काढली. "निळ्या झाडूची गोष्ट" असंच छापलं एकाने. झालं, मावशीचं चित्त थाऱ्यावर राहीना. एका नाटक कंपनीचं म्हाताऱ्या राजाच्या टोपाचं काम आलेलं. जाळी डोक्याच्या साच्यावर ताणलेली, पण आकडी उचलली की हात जागच्या जागी थांबे. वाटे, माझ्याच हाताने घात केला.

"कंपनीला कळव, दुसरीकडे बघा म्हणावं," ती सुनेला म्हणाली. "मी आता हे सोडते."

"शनिवारी कळवते," सून म्हणाली. तिला सासूचा स्वभाव ठाऊक होता.

तोवर मावशी रोज दुपारी थेटरात. मागची रांग, मांडीवर पिशवी, पिशवीचे बंद पिळत बसायचं. लोक टोपाला हसले की हिचा जीव खालीवर.

"सिनेमा बघायला जाता की हजेरी लावायला?" सुनेने विचारलं.

मावशीलाच एक कोडं पडलेलं. एवढ्या शिव्या खाल्लेला सिनेमा, तरी खुर्च्या रिकाम्या नाहीत. आणि तीच तोंडं पुन्हा पुन्हा.

शुक्रवारी शेजारी दोघी बहिणी बसल्या, चाळिशीला टेकलेल्या. पहिल्यापासून नावं ठेवणं चालू. शेवटी मावशीने विचारलंच, "आवडत नाही, तर येता कशाला?"

"शिव्या द्यायला. पाचवी खेप माझी," थोरली म्हणाली.

"त्या घरी बसून देता येतात की."

"परक्याला देतो घरी बसून. ही आमची आहे. शाळेतून आलो की दप्तर टाकून हिच्यासमोर बसायचो. तिचं काय केलंय, ते बघायला नको?"

"टोप कसा वाटतो?"

"भिकार."

मावशीने पिशवीचे बंद आणखी पिळले.

"गप्प बस, आता ते येईल," धाकटी म्हणाली.

पडद्यावर लढाई संपली होती. ती पोरगी दमून पायरीवर बसली. कपाळावरची बट डोळ्यावर आली, तिने ती फुंकरीने उडवली, ती पुन्हा आली. इतका वेळ खिदळणारं थेटर गप्प झालं.

"कार्टूनमध्ये हिची बट कधी पडली नाही," धाकटी हळूच म्हणाली. "इथे पडते तेव्हा वाटतं, खरंच आहे ही कुठेतरी. एवढ्यासाठी येते मी."

"आणि बाकीचे दोन तास?"

"सोसायचे."

मावशीला हसू फुटलं, पंधरा दिवसांत पहिल्यांदा. घरी येऊन तिने सुनेला "काही कळवू नकोस" म्हटलं आणि चपलांसकट साच्यापुढे बसली. मनाची तगमग गेली असं नाही, पण हाताला आता काम लागलं.

पुढे चार वर्षं ती विणत राहिली. गेली त्याच्या आदल्या दिवशीसुद्धा एक टोप पेटीत घालून, पेटी मांडीवर घेऊन बसने नाटकाच्या हॉलवर पोचली. नटाच्या डोक्यावर तो बसवला, भोवती एक फेरी मारली, कंगव्याच्या शेपटाने जरासं टोकरलं.

नट आरशात बघत म्हणाला, "मावशी, एक बट सुटलीय."

"सुटू दे," मावशी म्हणाली, आणि रिकामी पेटी उचलून बस गाठायला निघाली.