कणगीतला मदरबोर्ड

मी हट्टी आहे हे घरात सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे गेमिंग कॉम्प्युटर घ्यायचा म्हटल्यावर आईनं वाद घातला नाही. तिनं एवढंच विचारलं, "त्यावर पिक्चर दिसंल ना?" दिसेल, म्हटलं. "मंग घे," म्हणाली आणि पुढची भाकरी थापायला लागली.

आमचा पाडा खोडाळ्याच्या पुढं, डोंगराच्या अंगाला. आठवडाभर मी जव्हारला खोली घेऊन राहते आणि डेपोजवळच्या एका सेंटरमध्ये लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरते. तिथला कॉम्प्युटर इतका संथ, की पान उघडेपर्यंत अर्जदार बाहेर जाऊन चहा पिऊन येतात. दिवसभर त्याच्यासमोर बसायचं आणि खोलीवर येऊन तडा गेलेल्या मोबाईलवर दुसऱ्यांनी खेळलेले गेम बघायचे, असं माझं तीन वर्षं चाललं होतं. दुसऱ्याच्या ताटात बघून पोट भरत नाही, हे एक दिवस माझ्या डोक्यात गेलं ते गेलंच.

सेंटरचे मालक हसले. "अगं, तुझ्या पगारात तयार पीसी येत नाही. आणि आला तरी तुमच्या पाड्यावर व्होल्टेज आहे का? बल्ब लागतो की नुसता लाल होतो?" बल्ब कधीकधी नुसता लाल होतो, हे खरं होतं. म्हणूनच मला राग आला.

तयार घ्यायचाच नाही, असं मी ठरवलं. सुटे भाग घ्यायचे, एकेक, जसे हातात येतील तसे. काय जुनं चालेल आणि काय नवंच हवं, याचा अभ्यास मी बारावीच्या परीक्षेचाही केला नव्हता एवढा केला. पॉवर सप्लाय नवा, चांगल्यातला, तिथं कंजुषी नाही. प्रोसेसर आणि मदरबोर्ड वापरलेला. कॅबिनेट भंगारातलं, पण पत्रा जाड. मॉनिटर सेंटरचाच जुना, मालकांनी अडगळीतून काढून दिला आणि वर म्हणाले, "चालला तर पेढे दे."

वापरलेल्या वस्तू जव्हारला मिळत नाहीत. त्या ठाण्याहून बा आणायचा. भात निघालं की बा दरवर्षी ठाण्याला कामाला जातो. आयुष्यभर त्यानं ट्रकमध्ये रेती, विटा, खडी भरली. मी त्याच्या मोबाईलवर यादीचा फोटो पाठवायचे आणि तो सुट्टीच्या दिवशी बाजारात जाऊन दुकानदारापुढं मोबाईल धरायचा. बोर्ड घेताना त्यानं दुकानदाराला सांगितलं, "पहले चालू करके दिखाव, फिर पैसा." दुकानदारानं कंटाळून जोडून दाखवला. बा तो बोर्ड खोक्यासकट डब्याच्या पिशवीत, पोळ्यांच्या वर ठेवून एसटीनं घेऊन आला आणि वाटेत पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. परत करायची सोय नव्हती, हे त्याला माहीत होतं.

मग पाऊस आला. आमच्याकडचा पाऊस चार महिने घरातच राहायला येतो. चपलेला बुरशी, पट्ट्याला बुरशी, कागद हातात घ्यावा तर मऊ. मी जव्हारला होते. फोनवर बाला सांगितलं, "बोर्ड कोरड्या जागी ठेव." एवढंच सांगितलं. कुठं ते सांगितलं नाही, आणि ही चूक माझी, हे मी आजही कबूल करते.

सगळे भाग जमायला दोन वर्षं लागली. शेवटचं ग्राफिक्स कार्ड आलं तेव्हा नवी नागली, म्हणजे नाचणी, खळ्यावरून घरात आली होती. रविवार धरला आणि वेळ दुपारची, कारण दुपारी पाड्यावर कुणी दिवे लावत नाही आणि व्होल्टेज बरं असतं. गेम मी आधीच सेंटरच्या नेटवर, मालकांना विचारून, डिस्कवर उतरवून आणले होते. ओटीवर गोधडी अंथरली, भाग मांडले आणि बाला म्हटलं, बोर्ड आण.

बा कणगीपाशी गेला. कणगी म्हणजे आमच्याकडं बांबूची विणलेली, शेणानं लिंपलेली मोठी टोपली, वर्षाची नागली त्यात राहते. त्यानं खांद्यापर्यंत हात आत घातला आणि नागलीतून एक गाठोडं ओढून काढलं. त्याच्या जुन्या धोतरात गुंडाळलेला माझा मदरबोर्ड.

मी ओरडले. इतकी ओरडले की शेजारची कोंबडी उडाली. बा शांतपणे म्हणाला, "खोका भिजला व्हता, टाकून दिला. घरात यापरीस कोरडी जागा नाय. रेशनकार्ड बी तिथंच हाय." आणि ते खरं होतं. नागलीला कीड लागत नाही, ओल लागत नाही. माझा जातीचा दाखला, दहावीचं प्रमाणपत्र, सगळं तिथंच वाढलं. बोर्डावर बुरशीचा ठिपका नव्हता. मी तो फडक्यानं पुसला आणि जोडायला घेतला.

दीड तास लागला. शेवटची वायर लावली आणि बटण दाबलं.

पंखे फिरले. स्क्रीन काळी.

मॉनिटरची वायर बघितली, कार्ड काढून परत बसवलं, बटण पुन्हा दाबलं. काळी. पाच-सहा वेळा तेच केलं. मालकांचं हसणं मला आत्ताच ऐकू यायला लागलं होतं. मी कुणावर तरी खेकसणार होते, म्हणून मान वर केली, तर बा ओटीच्या काठावर जाऊन बसला होता, आमच्याकडं पाठ करून. "दुकानात चालू बघून घेतला व्हता," तो म्हणाला. "माझ्यानंच खराब झाला." माझा राग तिथंच विरला. दोन वर्षांची बचत गेली याचं वाईट वाटलंच, पण हा माणूस आता जन्मभर स्वतःला बोल लावणार, हे मला सहन होईना.

आई बाजूला सुपात नागली पाखडत होती. तिनं कॅबिनेटमध्ये वाकून बघितलं आणि म्हणाली, "त्या उभ्या पट्टीचा एक कान बसलाय नि एक वर कामून हाय?"

ती रॅमबद्दल बोलत होती. रॅमच्या खाचेला दोन टोकांना दोन खटके असतात, पट्टी नीट बसली की दोन्ही बंद होतात. एक बंद होता. दुसरा केसभर वर. मला दीड तासात दिसला नव्हता, आणि तिला खडा वेचायच्या नजरेनं एका फटक्यात दिसला.

पट्टी काढली. अरुंद खाचेत, अगदी टोकाला, नागलीचा एक लालसर दाणा मजेत बसला होता.

मी सुई शोधायला उठले, तर आईनं हात धरला. "टोचू नको. वायर काढ, उलटं धर." मी वीज काढली आणि कॅबिनेट उलटं धरलं. तिनं सुपाला मारतात तशा पत्र्यावर बोटांनी टिचक्या मारल्या, एका लयीत, कान लावून. सारवलेल्या जमिनीवर तीन दाणे पडले. तिनं ते उचलून सुपात टाकले.

रॅम बसवली. या वेळी दोन्ही बाजूंनी खट् असा आवाज आला. बटण दाबलं.

स्क्रीन उजळली. मी काय केलं ते धड आठवत नाही. आई म्हणते, मी आधी रडले आणि मग नाचले. बा उठून जवळ आला आणि हात न लावता नुसता बघत उभा राहिला. मी मालकांना फोटो पाठवला. त्यांनी विचारलं, कार्ड कुठलं घेतलंस, माझ्या भाच्याला पाहिजे. पेढ्यांचं त्यांनी पुन्हा काढलं नाही, मीच सोमवारी नेले.

गेम वगैरे सगळं त्यात बसवून होईपर्यंत उन्हं कलली. मी ट्रक चालवायचा एक गेम लावला, सगळी सेटिंग वर नेली आणि तरीही चित्र एकदाही अडखळलं नाही. मग बाला खुर्चीत बसवलं. तो नको नको म्हणत होता, खराब होईल म्हणत होता. मी त्याचं बोट धरून कीबोर्डच्या कळेवर ठेवलं. ट्रक हलला.

बानं लगेच बोट उचललं. "माल कोणी भरला?"

"कुणीच नाही, बा. भरलेलाच मिळतो."

तो जरा वेळ मागच्या भरलेल्या ट्रॉलीकडं बघत राहिला. मग पाठ सरळ करून बसला. "मंग आज आपुन फक्त चालवायचं," म्हणाला आणि त्यानं ट्रक रस्त्याला लावला.

त्या दिवशी तो खुर्चीतून उठला नाही. आणि दोन वर्षं ज्याची वाट बघितली, त्या माझ्याच कॉम्प्युटरवर बसायला मी नंबर लावून उभी होते, आईच्या मागं.