कलेक्टरच्या मुलीचा दाखला

पुण्याहून रात्रभर एसटीत अंग आंबवून सकाळी हिंगोलीला उतरलो आणि सेनगावकडे जाणाऱ्या जीपमध्ये शिरलो. ड्रायव्हरने विचारलं, "कोनाकडं चालले?"

"कलेक्टरकडे."

त्याने लगेच मला पुढची सीट दिली. सोयाबीनची शेतं सुरू झाल्यावर मी बोलून गेलो, की हा कलेक्टर पूर्वी आमच्या सोसायटीत वॉचमन होता.

"म्हंजे तांड्यावरचा व्हय!" ड्रायव्हर म्हणाला आणि पुढच्या थांब्यावर त्याने मला मागे बसवलं.

तांड्यावर (बंजारा वस्तीवर) कलेक्टरने भाकरी, पिठलं आणि डोळ्यांत पाणी आणणारी लसणाची चटणी वाढली. तो जन्मला त्या दिवशी खरे कलेक्टर तांड्यावर आले होते, म्हणून आईने तेच नाव ठेवलं. धाकट्याच्या वेळी कंपाउंडर आला. त्यामुळे धाकटा कंपाउंडर.

कलेक्टरला मात्र जेवण जात नव्हतं. मुलगी संगीता हिला नर्सिंगला जागा मिळाली होती. नॉन-क्रिमीलेअरचा दाखला (कुटुंब सधन नसल्याचा कागद) उद्या दिला नाही तर जागा जाणार होती आणि अर्ज दोनदा परत आला होता. म्हणूनच त्याने मला बोलावून घेतलं होतं.

आम्ही तिघं तालुक्याला गेलो. खिडकीतले कारकून अर्ज बघताच कडाडले, "पुन्हा तेच? कलेक्टरच्या मुलीला नॉन-क्रिमीलेअर? नावाच्या रकान्यात हुद्दा लिहायचा नाही!"

"साहेब, नावच हाय ते," कलेक्टर हात जोडून म्हणाला. त्याने आधार कार्ड पुढे केलं. मी शुद्ध मराठीत समजावू लागलो, तर त्यांनी मला एजंट ठरवून रांगेबाहेर काढलं.

तोवर संगीता टेबलावरची पाटी वाचत होती.

"साहेब, तुमचं नाव शांताराम हाय ना?"

"हो. मग?"

"मंग ओरडून काहून राहिले तुमी?"

रांगेतली एक म्हातारी पदर तोंडाला लावून हसली आणि तिच्यामागे सगळी रांग. शांतारामांनी चष्मा पुसला, अर्ज पहिल्यांदाच खालपर्यंत वाचला. व्यवसाय : शेतमजुरी. "बसा," ते हळू आवाजात म्हणाले. पाच वाजता दाखला हातात पडला. कलेक्टरने तो दोनदा उलटसुलट पाहिला आणि मुलीच्या हातात दिला.

नावं ठेवण्यात आम्ही पुणेकर पटाईत. परतल्यावर हे सांगितलं तेव्हा सोसायटीतले सगळे कलेक्टर-कंपाउंडरवर पोट धरून हसले. मुलीचं पुढे काय झालं, हे एकानेही विचारलं नाही.

ती नांदेडला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे.