चार पोती तेलकट वाळू

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण निवृत्तीनंतर कोणी आठवण विचारली की मला आधी चार पोती वाळू आठवते. त्या वाळूपायी मी एका निरपराध माणसाला दोन दिवस लॉकअपमध्ये ठेवलं होतं.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. मी तेव्हा परळ भागात नवा फौजदार होतो. अंगात रग भरपूर, अक्कल बेताची. ठाण्यात रोज मोर्चाचा बंदोबस्त, सभेचा बंदोबस्त, आणि उरलेल्या वेळात चाळीतल्या नळावरची भांडणं. अशात एका सकाळी शिवडीच्या वाटेवरच्या एका वाळूच्या आवाराचे मालक हातात काचेची बरणी घेऊन आले. बरणीत पाणी, तळाला पांढरी वाळू, आणि पाण्यावर तेलाचा तवंग.

"साहेब, हा घातपात आहे. माझ्या मालात कोणीतरी तेल ओतलंय," ते म्हणाले.

वाळूचा घातपात मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मालकांनी मला समजावलं. गुजरातेकडे तेलाच्या विहिरी खणण्याचं काम सुरू झालं होतं. विहिरीत खोलवर दाबाने पाणी सोडलं की खडकाला भेगा पडतात. पाण्याचा जोर ओसरला की त्या पुन्हा मिटतात. म्हणून पाण्याबरोबर वाळू सोडायची. तिचे दाणे भेगेत पाचरीसारखे अडकून बसतात आणि त्यांच्या फटींतून तेल झिरपत वर येतं. त्यासाठी वाळू मात्र निवडक लागते. दाणा गोल, टणक, एकसारखा आणि स्वच्छ हवा. अशी वाळू कोकणातून गलबतांनी आणायची, हौदात सात पाण्यांनी धुवायची, भट्टीवर वाळवायची, तीन चाळण्यांतून चाळून मधल्या मापाचा दाणा तेवढा पोत्यात भरायचा, असं हे काम. नमुन्याची चाळीस पोती पाठवली, तर तिकडच्या गोऱ्या इंजिनिअरने चार पोत्यांत तेल दाखवून सगळाच माल परत धाडला. नमुना पुन्हा पाठवायची एकच संधी उरली होती. तीही हुकली तर आवार बंद.

मी फिर्याद नोंदवून घेतली. दुपारपर्यंत आमच्या खबऱ्याने नावही आणून दिलं. आवारातला धुलाईचा मुकादम, मालवणकडचा माणूस. सत्याग्रहात तो एकदा आत जाऊन आला होता आणि आवारात सगळ्यांसमोर म्हणाला होता, "आमच्या कोकणची वाळू तकडे कित्याक धाडूची?" शिवाय पोती शिवून त्यांवर शिक्का मारण्याचं कामही त्याचंच. हेतूही मिळाला, संधीही मिळाली. वरिष्ठ खूश झाले. राष्ट्रीय कामात घातपात, म्हणजे काही वर्षांची सक्तमजुरी ठरलेलीच. मी मुकादमाला भरदुपारी त्याच्या लालबागच्या चाळीतून उचललं.

चौकशीत तो ताठ बसला. पन्नाशीचा, काटक, पाण्यात राहून बोटांची कातडी पांढरी पडलेला.

"तू असं बोललास की नाही?"

"बोललंय."

"मग तेल कोणी ओतलं?"

"ता माका ठावक नाय. साहेब, बोललंय ता बोललंय. पण हात लावलेल्या कामात मी घाण करूचंय नाय."

मी टेबलावर हात आपटला, आवाज चढवला. तो जागचा हलला नाही. उलट आमच्या हवालदाराला, जो त्याच्याच गावाकडचा निघाला, म्हणाला, "ह्येंका पाणी दी रे, घसो बसलो." खरं सांगतो, मला त्याचा भयंकर राग आला. आज त्याच वाक्याचं हसू येतं.

आवारातल्या बाकीच्यांचेही जबाब घेतले. धुणाऱ्या बाया, चाळणारे दोघे, आणि भट्टीवरचे आजोबा. हे आजोबा साताऱ्याकडचे भडभुंजे. जन्मभर लालबागच्या नाक्यावर तापल्या वाळूत चणे-फुटाणे भाजले. वाळू एकसारखी परतून वाळवणारा दुसरा माणूस कुठे मिळणार, म्हणून मालकांनी त्यांना भट्टीवर नेमलं होतं. मी सगळ्यांना विचारलं तेच त्यांनाही विचारलं, "वाळूत काही भलतंसलतं टाकलंत का?"

"आईशपथ न्हाई, साहेब."

जबाब घेतला, अंगठा घेतला, कागद फायलीला लावला.

दुसऱ्या दिवशी कोर्टासाठी कागद लावताना पंचनामा पुन्हा वाचला आणि एका ओळीवर अडलो. मुकादम प्रत्येक पोत्यावर अनुक्रम लिहीत असे. तेलकट निघालेली पोती होती एक, दोन, तीन आणि चार. हवालदाराला दाखवलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "साहेब, माल बिघडवायचा तर कोण पहिलीच पोती धरील? ती तर पहिली उघडणार. मधली आठ-दहा नसती का बिघडवली?"

पहिलीच का? पहिल्या दिवशी आवारात असं काय घडलं, जे नंतर घडलं नाही? मुकादमाला हेच विचारलं. तो म्हणाला, "पयल्या दिसा सगळांच नवा होतां. हौद नवो, चाळणी नवी, कढई नवी."

मी दोन पंच घेतले, मुकादमाला बरोबर घेतलं आणि आवार गाठलं. सगळ्यांना सांगितलं, पहिल्या दिवशी जसं केलं तसंच आज माझ्यासमोर करून दाखवायचं. एक नवी कढई तिथे पडून होती, ती भट्टीवर चढवायला लावली. बायांनी वाळू धुतली. मुकादमाने मूठभर वाळू बरणीत घालून हलवली, पाणी नितळ. मग घमेली भट्टीकडे गेली. आजोबांनी कढईला हात जोडले, कोनाड्यातून बाटली काढली आणि आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाळूवर भुईमुगाचं तेल सोडलं. नंतर झाऱ्याने निवांत परतायला लागले.

मालक ओरडले, "अहो, हे काय करताय?"

आजोबांनी चमकून वर पाहिलं. "काय म्हंजे? नव्या कढईचे पयले चार घाणे तेलाचेच असत्यात. तेल न्हाई पाजलं तर दाणा चिकटतो, कढई रुसती. माझा बा बी असंच करायचा."

"मग मी विचारलं तेव्हा सांगितलं का नाहीत?" मी म्हणालो.

"तुमी भलतंसलतं इचारलं, साहेब. ह्ये भलतं हाय व्हय?"

पंचांपैकी एक जण तोंडावर रुमाल धरून बाजूला झाला. धुणाऱ्या बायांना तर हसू आवरेना. आजोबांना काय झालं ते समजलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. ते मुकादमासमोर गेले आणि वाकू लागले. मुकादमाने त्यांना वरच्या वर धरलं आणि म्हणाला, "आजोबा, तुमचा काम तुमी केलात. वाळवल्यावर परत बरणी लावची होती, ता माझा चुकला." ज्याच्या डोक्यावर सक्तमजुरी लटकत होती, तो माणूस स्वतःची चूक शोधत होता. मला मान वर करवेना.

वरिष्ठ म्हणाले, ठाण्यातूनच सोडून द्या, गाजावाजा नको. माझ्या मनाला ते पटलं नाही. ज्या चाळीतून चारचौघांसमोर उचललं, तिथे मी स्वतः गणवेशात त्याला पोहोचवायला गेलो. गॅलऱ्या माणसांनी भरल्या होत्या. मी मोठ्याने सांगितलं, "यांचा काही दोष नव्हता. चूक माझी झाली." उभ्या नोकरीत हे वाक्य मी फार वेळा बोललो नाही. बोलायला हवं होतं.

मुकादमाने दारातूनच बायकोला हाक दिली, "च्याय ठेव गो, फौजदार इलेत." चहा झाल्यावर मी चळवळीचा विषय काढला नाही, त्यानेच काढला.

"साहेब, आमची वाळू तकडे कित्याक, ह्यां मी उद्याय म्हणतलंय. आणि दुसरी चाळीस पोती उद्यापासून धुवतलंय."

त्याने धुतली. ती चाळीसही पोती पास झाली आणि आवार चालू राहिलं. पुढे संशयित समोर बसला की मी आधी त्याची मतं बाजूला ठेवत असे आणि म्हणत असे, तू तुझं काम कसं करतोस ते दाखव. माणूस काय बोलतो ते खबऱ्या सांगतो. तो कसा आहे ते त्याच्या कामात दिसतं, आणि ते पाहायला फौजदाराला स्वतः भट्टीपाशी जावं लागतं.