हवेला पडलेली घडी

आमच्या प्रयोगशाळेत सावंतकाका शेजारच्या खोलीत बसून वातबोगद्याचा व्हॉल्व्ह उघडायचे. आवाजापेक्षा वेगवान वारा बोगद्यात ठेवलेल्या विमानाच्या छोट्या मॉडेलवर आदळला, की त्याच्या टोकाशी उठणारी लाट आम्हाला आरसे आणि दिव्याच्या मदतीने पडद्यावर दिसायची. वारा सोडणाऱ्या काकांनी मात्र ती कधीच पाहिली नव्हती.

निवृत्तीच्या दिवशी मी त्यांना पडद्यासमोर बसवलं आणि व्हॉल्व्हपाशी स्वतः गेले. सकाळभर टाकीत भरलेली हवा जेमतेम वीस सेकंद पुरते. मी व्हॉल्व्हचं चाक दोन्ही हातांनी धरलं.

“घाबरू नका मॅडम, सावकाश फिरवा,” काका पलीकडून ओरडले. मी फिरवला. भिंती हादरल्या, मग सगळं शांत झालं.

धावत आले तर काका अजून पडद्याकडेच बघत होते. “काय सुरेख हो! कागदाला पडावी तशी हवेला घडी पडली.”

दिवा चालूच होता. त्यांनी सहज उजेडात हात धरला, आणि पडद्यावर त्यांच्या तळव्यावरून ऊब धुरासारखी वर चढू लागली. माणूस नुसता उभा राहिला तरी भोवतालची हवा बदलते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पटलं त्या दिवशी.

काका खुदकन हसले. “मॅडम, तुमचाही हात आणा की!”